दगडांच्या माळावरची शाळा

माझी पहिली शाळा नवीकोरी होती, आणि तिच्यात एकही मूल येत नव्हतं.

गडचिरोलीहून सकाळची एसटी धरली की तालुक्याला पोचेपर्यंत दुपार व्हायची. तिथून जीप, आणि जीप जिथे थांबायची तिथून पायवाट. सागाच्या रानातून बाहेर पडलं की एकदम मोकळा माळ लागायचा. त्याच्या मधोमध ती उभी होती. दोन खोल्या, समोर वऱ्हांडा, पिवळा रंग, भिंतीवर निळ्या अक्षरांत गावाचं नाव. गाव मात्र तिथे नव्हतं. गाव होतं नाल्याच्या पलीकडे. रेती-सिमेंटचा ट्रक नाला ओलांडू शकला नाही, म्हणून ठेकेदाराने सपाट जागा बघून अलीकडेच शाळा बांधून टाकली होती.

माळावर दगड होते. उभे दगड. काही कमरेएवढे, काही माणसाच्या उंचीचे, काही लेकराएवढे. रांगेत नव्हते. आठवडी बाजारात ओळखीची माणसं घोळक्याने उभी राहतात, तसे. काहींना पांढरं कापड गुंडाळलेलं होतं. मधे दोनेक लाकडी खांब, त्यांच्या टोकाला कोरलेले पक्षी. मी कुलूप उघडलं, खोली झाडली, फळ्यावर तारीख लिहिली आणि खुर्चीवर बसून राहिले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग नाला ओलांडून गावचा पुजारी आला. त्याला ते पेरमा म्हणायचे. उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर कुऱ्हाड. तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडे कामं करून त्याला मराठी बोलता यायचं. तो वऱ्हांड्यात चढला नाही, पायरीखालीच उभा राहिला.

"बाई, पोरं इथी नाई येनार."

"काऊन?" माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली.

त्याने हनुवटीने दगडांकडे दाखवलं. "हे आमचे लोक आहेत. मेले तवापासून इथीच राह्यतात. त्याइले गलबला चालत नाई."

"मग शाळा बांधत होते तेव्हा सांगायचं ना."

"मी कामावर गेलो होतो. बाकीच्याइनं सांगतलं, पन माडियात. ठेकेदाराले वाटलं, काम मागून राह्यले. त्यानं दोघाइले कामावर घेतलं."

हे सांगताना तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गावातल्या गोटूलमध्ये शिकवायला लागले. गोटूल म्हणजे गावाची सगळ्यांची मोठी झोपडी. बैठका तिथे, पाहुणा उतरायचा तिथे. मुलं मांडी घालून बसायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. मला त्यांची माडिया भाषा येत नव्हती, त्यांना माझी. मी 'पाणी' म्हणायचे, ती 'येर' म्हणायची. मी मान हलवून 'पाणी' म्हटलं की एखादं लेकरू शांतपणे 'हिल्ले' म्हणायचं. हिल्ले म्हणजे नाही. पहिला महिना मी जास्त शिकले आणि मुलं कमी.

पेरमाच्या घराशेजारच्या झोपडीत मी राहायचे. महिना भरला आणि एका सकाळी पेरमाची बायको माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिला कसं कळलं, कोण जाणे. बायकांना कळतं. तिने हाताने गोटूलकडे दाखवून नको अशी खूण केली, मग माझ्या झोपडीकडे दाखवून तीच खूण केली, आणि नाल्यापलीकडे बोट केलं. तिथे माळाच्या टोकाला एक बुटकी, खिडकी नसलेली झोपडी होती. कुर्माघर. पाळीच्या दिवसांत गावातल्या बायका तिथे राहायच्या.

मला राग आला. मी डी.एड. झालेली, नोकरीवर आलेली बाई. पण रागातही आठवलं की आमच्या घरी आईसुद्धा त्या दिवसांत बाजूला बसायची. आमच्याकडे त्यासाठी वेगळी झोपडी नव्हती, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर अंथरलेलं पोतं होतं, एवढाच फरक. मी कुर्माघरात जायला नकार दिला. गोटूलमध्ये जायची सोय नव्हती. उरली ती सरकारने बांधलेली शाळा. मी पथारी आणि स्टोव्ह उचलला आणि दगडांच्या मधोमध जाऊन राहिले.

तिथे भीती वाटायची ती भर दुपारी. रानातले आवाज त्या वेळी थांबतात. पाखरं गप्प, वारा पडलेला, माळावर ऊन नुसतं उभं. अशा वेळी मी खिडकीतून बघायचे आणि मला दगड जरासे हललेत असं वाटायचं. म्हणजे हलताना कधी दिसले नाहीत. पण वहीत मान घालून परत वर बघितलं की जो पाठमोरा वाटला होता तो आता माझ्याकडे तोंड करून आहे, असं व्हायचं. दगडाला पाठ कुठली आणि तोंड कुठलं, हे मी स्वतःला सांगायचे. सांगून उपयोग व्हायचा नाही.

मी घुग्घुसजवळच्या गावातली. वडील कोळसा खाणीत होते. दुपारी खाणीत स्फोट व्हायचा, मांडणीवरची भांडी वाजायची आणि आई हातातलं काम न थांबवता भांड्यावर हात ठेवून त्याला गप्प करायची. मी दहावीत असताना ती गेली. तिला गावाच्या कडेला, ओढ्याशेजारी अग्नी दिला. पुढे खाण वाढली, गाव उठलं, आम्हाला दुसरीकडे वसवलं. ओढ्याची ती जागा खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाखाली गेली. नव्या घरात आईचा फोटो होता, हार होता. पण ती कुठे आहे असं कोणी विचारलं असतं, तर मला बोट दाखवता आलं नसतं. त्या माळावर बसून मला हे पहिल्यांदा जाणवलं. इथे सगळ्यांची माणसं कुठे आहेत ते माहीत होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या वेळी मी तिथे राहायला गेले तेव्हा एक मुलगी आली. बाराएक वर्षांची असेल. कपाळावर गोंदण, केसांत लाकडी फणी. कुर्माघरातून निघाली, दगडांच्या मधून बाजारातून यावं तशी आली आणि सरळ वऱ्हांड्यात चढली. त्या वऱ्हांड्यात चढलेलं गावातलं ते पहिलं माणूस.

"बाई, तुमी एकट्या काऊन बसल्या?"

तिची मराठी ऐकून मी चकित झाले. मग कळलं, ती एक वर्ष दूरच्या आश्रमशाळेत होती. तिथून परत आली ती पुन्हा गेली नाही. आता धाकट्या बहिणीला सांभाळायची आणि मोहफुलं वेचायची. शाळेत तिचं नाव नव्हतं.

"तुला इथे भेव नाई वाटत?"

"कोनाचं?" तिने मागे वळून बघितलं. "ते तर माही आजी आहे." तिने एका बुटक्या, जरा कललेल्या दगडाकडे हात केला. "तिले गलबला आवडे. घरात कोनी बोललं नाई तं ती भांडत बसे."

त्या दिवशी मी तिला पाटी दिली. मराठी बोलता येत होतं, पण अक्षरं ती पार विसरली होती. आश्रमशाळेत काय शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, "रांगेत उभं राहाले." आम्ही दोघींनी मग दरमहा ते चार-पाच दिवस वाटून घेतले. आमच्या तारखा जमत नसल्या तरी तिने कुर्माघरात आली की मला निरोप धाडायचा आणि मी दुपारी गोटूल सुटल्यावर नाला ओलांडून जायचं, असं ठरलं. पुढे तिच्यासोबत तिच्या काकूही यायला लागल्या. एक नवी सून आली. त्या झोपडीत दिवसभर करायला काहीच नसायचं. गावात ज्यांना त्या दिवसांत शिवता येत नव्हतं, त्या बायका सरकारी शाळेच्या वऱ्हांड्यात बसून अ, आ, इ गिरवायच्या. माझ्या त्या शाळेचा पहिला वर्ग तो.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत माझ्या अंगावर यायची. धडा वाचता यायला लागल्यावर ती मुलगी पुस्तक घेऊन खाली उतरायची आणि आजीच्या दगडासमोर बसून वाचायची. तेवढं ठीक होतं. पण वाचता वाचता ती थांबायची. मान जरा वाकडी करायची, ऐकायची, मग माडियात काहीतरी समजावून सांगायची, आणि पुढे वाचायची. कधी थांबून हसायची. मी खिडकीशी उभी राहून तिचं थांबणं ऐकायचे. एकदा ती निघून गेल्यावर मी स्वतः पुस्तक उघडलं आणि मोठ्याने दोन ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीआधी माझं मीच थांबले. कशासाठी थांबले ते मला सांगता येणार नाही. पुढची ओळ वाचायचा धीर झाला नाही, पुस्तक मिटून ठेवलं.

त्याच वर्षी विस्तार अधिकारी आले. मोटारसायकल रस्त्याला ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चालत आले. भला माणूस होता. दगड बघितल्यावर त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, आणि वऱ्हांड्यात आल्यावर परत घातल्या.

"मॅडम, इमारत वापरात नाही म्हणून वर सारखं विचारतात. एवढं बांधून दिलं आणि पोरं झोपडीत बसतात, हे कसं सांगायचं?"

मी पेरमाला बोलावून आणलं. साहेबांनी त्याला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मले काऊन सांगता? त्याइले विचारतो."

त्याने दगडांमध्ये बसून मोहाची दारू जमिनीवर शिंपडली, तांदळाचे दाणे मांडले, जोड्या लावल्या, पुन्हा मांडले. साहेब आणि मी निकालाची वाट बघावी तसे उभे. बऱ्याच वेळाने तो उठला.

"नाई म्हनतात."

"काय नाई म्हणतात?"

"ते घर ओळखीचं नाई म्हनतात. त्याइच्यातला कोनी त्या घरात कधी गेला नाई. आत काय चालते, त्याइले मालूम नाई. मालूम नाई त्या घरात पोरं कशी पाठवाव?"

साहेबांनी थोडा विचार केला. तसं बघितलं तर कोणताही पालक हेच म्हणाला असता. जाताना ते मला म्हणाले, "मी प्रयत्न सुरू आहेत असं कळवतो." आणि रस्त्यापर्यंत मागे वळून न बघता गेले.

दोन पावसाळे असेच गेले. मुलगी आता चांगली वाचायला लागली होती. मी तिला म्हणायचे, बाहेरून परीक्षेला बसवते तुला. ती म्हणायची, बघू. तिला बघूच म्हणायची सवय होती. पुढच्या श्रावणात नाला भरून आला तेव्हा मी माझ्या त्या दिवसांसाठी अलीकडे, शाळेत होते. सकाळी पाऊस जरा उघडला आणि पलीकडच्या काठावर माणसं दिसली. त्यांनी खांद्यावर बाज आणली होती. बाजेवर कोणीतरी होतं, वरून घोंगडी. सोबत त्या मुलीची आई होती, म्हणून बाजेवर कोण आहे ते मला कळलं.

नाल्याचं पाणी लाल, आणि त्याचा आवाज एवढा की ओरडलेलं पलीकडे जात नव्हतं. पेरमाने दोन्ही हात कपाळाला लावून थरथर कापून दाखवलं. ताप. दवाखाना माझ्या बाजूला होता. मी पळत रस्त्याला गेले, जीप मिळेना, एका मालट्रकला हात केला, उपकेंद्रातून नर्सबाईंना घेऊन परत आले. येईपर्यंत दुपार टळून गेली होती. पाणी उतरलं नव्हतं. नर्सबाईंच्या पिशवीत इंजेक्शन होतं, गोळ्या होत्या. पलीकडे बाज काठाशी ठेवलेली होती आणि माणसं तिच्याभोवती उकिडवी बसली होती. मधे पन्नासेक पावलांचं पाणी. नर्सबाई पाण्यात उतरल्या, कमरेपर्यंत गेल्या आणि धार ओढायला लागली तशा मागे आल्या. पुन्हा उतरल्या. मी त्यांना हात धरून मागे आणलं.

मग आमच्या डोळ्यांदेखत पलीकडे तिची आई उठली आणि तिने मुलीवरची घोंगडी वर ओढली. तोंडावरून. आवाज आला नाही. नाल्याचाच आवाज होता. नर्सबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी पोहायला शिकाले पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तिला अलीकडे आणलं, माळावर.

धान कापून झाल्यावर तिचा दगड आला. डोंगरातून आणलेला. पन्नाससाठ माणसं, ढोल, बायकांचं गाणं. त्या गाण्याला शेवट नव्हता, एक बाई थांबली की दुसरी उचलायची. सगळ्यांना वाटलं होतं, आजीच्या शेजारी उभा करतील. पण तिची आई पुढे चालत राहिली. शाळेच्या वऱ्हांड्यापाशी आली, खिडकीखाली पायाने जमीन दाबून बघितली आणि म्हणाली, इथे. पुरुषांनी आपसात काहीतरी वाद घातला. ती हलली नाही. दगड तिथेच उभा राहिला. माझ्या टेबलापाशी बसलं की खिडकीतून त्याचं टोक दिसायचं.

दोन दिवसांनी पेरमा आला. या वेळी तो वऱ्हांड्यात चढला. बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, मी पुन्हा विचारलं."

"काय म्हणाले?"

"हो म्हनतात. तिनं सांगतलं त्याइले. आत फळा आहे, आत बाई आहे, कोनी मारत नाई. ती त्याइच्यातली आहे आता, तिचं आयकतात." टोपी परत घालत तो म्हणाला, "म्हाताऱ्याइले वाचून दाखवते म्हने."

मी खिडकीकडे बघितलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी तिची आई धाकट्या मुलीचा हात धरून नाला ओलांडून आली. मुलीला तिने खिडकीशी बसवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. दुपारपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवशी आणखी चार मुलं आली. आठवड्याभरात गोटूल रिकामं झालं. वर कळवलं गेलं की जनजागृतीमुळे पालकांच्या मानसिकतेत बदल झाला. तालुक्याच्या बैठकीत माझा नारळ आणि शाल देऊन सत्कार झाला. जागृती कोणी केली, हे त्या बैठकीत मला सांगता आलं नसतं, आणि कोणी विचारलंही नाही.

नंतरची वर्षं भराभर गेली. आधी वर्षातून एकदा कोणी साहेब यायचे. मग महिन्याला यायला लागले. केंद्रशाळा झाली, केंद्रप्रमुख आले. खिचडी आली, वजनकाटा आला, संडास आला, हात धुवायची टाकी आली. टपालाच्या जागी मोबाइल आला. रेंज फक्त एका टेकडीवर मिळायची, म्हणून माहिती पाठवायला मी टेकडी चढायचे. माहिती रोज लागायची. नाल्यावर पूल झाला. गावातल्या मुली आता पाळीत घरीच थांबायला लागल्या, काहीजणी तरी. त्या माळावर शिकलेली एक मुलगी आज नर्स आहे. मुलं दगडांभोवती लपाछपी खेळायची. नवीन मूल आलं की जुनी मुलं त्याला फिरवून आणायची: हा माझा आजोबा, ही त्याची आत्या, ही खिडकीवाली. खिडकीवालीजवळ पाटी टेकवून ठेवली तर लेखन चुकत नाही, असं काहीतरी त्यांच्यात होतं. मी ते कधी मोडून काढलं नाही.

माझी बदली झाली. पुढे मी स्वतः केंद्रप्रमुख झाले. आणि मग कमी पटाच्या शाळांचा विषय आला. लोक आता कमी लेकरं होऊ देतात, ज्यांना जमतं ते मुलांना तालुक्याला ठेवतात. त्या शाळेत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच मुलं उरली होती. त्यांचं समायोजन करायचं, म्हणजे त्यांना मोठ्या शाळेत नेऊन तिथल्या वसतिगृहात ठेवायचं, आणि इथली शाळा बंद करायची. ती शाळा माझ्या केंद्रात येत होती, त्यामुळे गावाची बैठक मलाच घ्यावी लागली.

पेरमा तोवर गेला होता. त्याचा दगड सगळ्यांत उंच, अजून नवा दिसणारा. बैठक वऱ्हांड्यात झाली. मी सांगितलं: तिथे प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक आहे, संगणक आहे, मुलांना मुलं मिळतील. हे मी खोटं सांगत नव्हते. तरुण बाप मंडळी मान हलवत होती. मग खिडकीवालीची आई उठली. म्हातारी झाली होती, तिला आता बरी मराठी येत होती.

"बाई, पोरं नेता तं न्या. पन मंग इथी कोन बोलंन?"

"म्हणजे?"

"पयले हे नाई म्हनत होते. गलबला नको म्हनत. मंग माह्या पोरीनं त्याइले सवय लावली. इतके साल रोज सकाळी पोरं येते, गाते, पाढे म्हनते. हे आयकतात. आता अचानक सगळं बंद केलं तं हे काय करतीन? आमच्या घराइकडे येतीन. विचारतीन, कुठी गेले सगळे?"

कोणी हसलं नाही. तरुणही हसले नाहीत. मी गटशिक्षणाधिकारी साहेबांना फोन करून सांगितलं की गावाचा विरोध आहे.

"कारण काय देतात?"

मी सांगितलं. साहेबांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, अंतराचं कारण असतं तर बघता आलं असतं. नाल्याचं चाललं असतं. पण पूल झाला ना आता."

जूनमध्ये शाळा बंद झाली. टेबल, खुर्च्या, वजनकाटा गाडीत भरून दिला. फळा भिंतीतलाच होता, तो राहिला. किल्ली ग्रामपंचायतीकडे द्यायची होती. म्हातारीने ती मागितली नाही, नुसती माझ्या बाजूला उभी राहिली. ती अजूनही रोज सकाळी माळावर जाऊन बसते, असं गावची आशाताई मला सांगते. काय करते असं विचारलं तर म्हणाली, बोलत असते. दिवसभराचं सांगते. बाजारभावसुद्धा.

मी दर महिन्याला नव्या शाळेला भेट देते. मोठी शाळा आहे, पाण्याची सोय चांगली, अधीक्षक मन लावून काम करतात. आमच्या गावची मुलं अभ्यासात मागे नाहीत. फक्त ती गप्प असतात. परवा दुपारी मी वसतिगृहाच्या पायरीवर बसले होते. तेव्हा त्यांच्यातली तिसरीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. समोर कंपाउंडपर्यंत सपाट मुरूम टाकलेलं मैदान. तिने ते बराच वेळ न्याहाळलं.

"मॅडम, इथी कोन राह्यते?"

"तुम्ही सगळे, अधीक्षक सर, स्वयंपाकाच्या मावशी."

"ते नाई. मेलेले."

मी म्हटलं, मला माहीत नाही. आधी इथे धानाची शेती होती, एवढंच माहीत आहे.

"कोनीच नाई?"

"कोणी नसावं."

ती विचारात पडली. "मंग आमाले बघते कोन?"

"मी येत जाते ना दर महिन्याला."

"तुमी तं जित्या आहा," ती म्हणाली. माझी समजूत घालावी तशी. जेवणाची घंटा झाली आणि ती ताट घ्यायला पळाली. मला भेटीची माहिती भरून निघायचं होतं, गाडी बाहेर उभी होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मुलांचं जेवण होऊन, ताटं धुऊन ती वर्गात जाईपर्यंत मी त्या मैदानाकडे तोंड करून पायरीवरच बसून होते.